दारव्ह्याच्या स्टँडवर थंडीची चौकशी

पौषातली सकाळ होती. दारव्ह्याच्या स्टँडवर मी गाडीची वाट पाहत बसलो होतो. बाजूच्या बाकावर कोट-टोपीतले एक गृहस्थ फौजी जवानाशी बोलत होते.

"नाव काय तुमचं?"

"डोंगरसिंग. काश्मीरात असतो. सुटी संपली."

"मी दीनानाथ. सकाळी उठलो की आधी थर्मामीटर पाहतो. छंदच आहे. तुमच्याकडे पारा कुठवर उतरतो?"

"शून्याच्या लय खाली, काकाजी. कपातला चहा गोठते."

"मग बर्फात चालता कसे?"

"पायाले लाकडाच्या लांब पट्ट्या बांधतो अन् पहाडावरून घसरत येतो. स्की म्हन्ते त्याले. पयले लय पडलो. आता पाखरावानी उतरतो."

"मजा येत असेल."

"येते. मागच्या साली मात्र वरून बर्फ कोसळला. माह्या मागचा सोबती दबला. आमी हातानं उकरून काढला, पन तोवर थो गेलता."

"घरी माहीत आहे?"

"नाही. याडीले सांगू नोका. थे पाहा, पानी घेऊन येऊन राह्यली."

त्याची आई तांब्या घेऊन आली. पोराला पाणी देऊन ती दीनानाथांकडे वळली.

"दादा, तुमी शिकलेले दिसता. याच्या तिकडं लय थंडी असते का?"

"नाही बाई. आपल्या दारव्ह्यासारखीच. ऊन निघालं की जाते."

"थो बी असंच म्हन्ते. पन पोरगं मायले खोटं सांगू शकते. तुमी कायले सांगसान?"