उभं आधी, आडवं मागून

...अन् नकाशाची त्यात काय चूक, सांगा बरं? चूक माझीच! तुम्हाले सांगतो, नागपूरच्या जरीपटक्यात तीस वर्षं कूलर विकून राहिलो, वाळ्याच्या ताट्या मोजायच्या म्हणजे उभं आधी, आडवं मागून... झोपेतही हात तसाच चालते!

तर मे महिना, शेहेचाळीस डिग्री, कन्हान नदीपल्याड शेतातल्या लग्नाले बारा कूलर पाठवायचे. शेताले कुठला पत्ता? नवरीचे वडील केशवराव फोनवर म्हणतात, "प्रेमानंदजी, दोन आकडे घ्या, आधी एकवीस पॉइंट अमुक, मग एकोणऐंशी पॉइंट तमुक, फोनातल्या मॅपवर टाकले का थेट मांडवात!" आता माझी सून रोशनी शाळेत भूगोल शिकवते, तिनं त्याच सकाळी मले समजावलं होतं, "बाबा, आडव्या रेघा अक्षांश, उभ्या रेखांश. नागपूर आडव्या एकविसावर, उभ्या एकोणऐंशीवर." समजलं ना मले! सातवी नापास माणूस, पण समजलं! म्हटलं, केशवराव चुकले, मापाची काय जाण त्यायले... उभं आधी, आडवं मागून! फिरवले आकडे, दिली चिठ्ठी टेम्पोवाल्या बळीरामले.

दहा मिनिटांत त्याचा फोन. "भाऊ, मॅप मले बर्फात जा म्हणून राहिला." बर्फ! मे महिन्यात! दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं, अन् मी ओरडलो, "सकाळीच पिऊन राहिला का गा?"

बळीराम सुपारीही खात नाही हो! बावीस वर्षांत एका कूलरले ओरखडा नाही पडू दिला त्यानं. तिकडून, "बरं भाऊ." फोन बंद.

दुपारी जेवाले घरी गेलो, रोशनीले तेच आकडे लिहून दाखवले, ऐटीत! तिनं ओढणी तोंडाले लावली. "बाबा, लिहिताना आडवीचा आकडा आधी असते. तुम्ही अख्खं वऱ्हाड उत्तर ध्रुवाजवळ नेऊन बसवलं!" तिथं... बारा कूलर! हसा, हसा तुम्ही. मले मात्र जमीन फाटावी वाटून राहिलं होतं.

बळीरामनं माझा फोन काही उचलला नाही, रस्ता विचारत-विचारत कूलर पोहोचवले, तवर पंगती उठून राहिल्या होत्या. परत आला, चाबी काउंटरवर ठेवली. "दुसरा ड्रायव्हर पाहा भाऊ. पिणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नये."

आता उभं आधी का आडवं, काही सुचते का माणसाले? शेजारचा चहावाला बोलावला, पंक्चरवाला बोलावला, होती नव्हती ती गिऱ्हाइकं थांबवली, अन् सगळ्यांसमोर हात जोडले. "पिऊन कोणीच नव्हतं. अक्कल माझी उलटी होती. माफ कर गा बळीराम!"

त्यानं चाबी उचलली.

"भाऊ, कूलर तुम्ही विका. पृथ्वी माझ्याकडं राहू द्या."

देऊन टाकली, काय करता! नाहीतरी माझ्या हातात ती कुठं धड राहिली होती?