देशी बनावट

— नाही नाही, बसा हो सर, उभे कशाला? मास्तरानं उभं राहायचं आणि विद्यार्थ्यानं बसायचं, बरं दिसतं का ते — ती खुर्ची नको, पाय मोडलाय तिचा, ही घ्या. तर काय म्हणत होतो मी — हं, तुमचा डबा नापास झाला. नियंत्रक म्हणा, कंट्रोलर म्हणा, माझ्या लेखी डबाच. पंप कधी चालवायचा, कधी थांबवायचा, झडप केव्हा उघडायची, सगळं तो ठरवणार. सरकारी निधीतून शहराचे पाण्याचे बावीस पंप आपोआप चालवायचे, आणि अट एकच — नियंत्रक देशी बनावटीचेच हवेत. अट वाचली असणारच तुम्ही, तुम्ही तर आमचा स्वल्पविरामही सोडत नव्हता! म्हणून तर सूनबाईंसकट एकोणीस माणसं दोन वर्षं ह्या एका डब्यामागे लावलीत. काम नाही मिळालं तर तुमच्या कारखान्याला कुलूप, हेही ठाऊक आहे मला. सूनबाई परवा इथंच बसून रडून गेल्या की. तुम्हाला नाही सांगितलं? अरेरे. मग मीही काही बोललो नाही असं समजा.

ज्याला काम मिळालं त्याचा डबा ना? हा काय, टेबलावरच आहे. हात लावा, चावत नाही. वर कागद चिकटवलाय बघा — 'देशी बनावट'. मी नखानं कोपरा सोलून पाहिला, तर खाली दुसऱ्याच मुलखाची अक्षरं! एकटाच हसत बसलो हो. म्हटलं, गडी खोटं कुठं बोलतोय? बनावट ती बनावटच, आणि चिकटवली तर देशातच! थुंकी लावली, पुन्हा दाबून टाकला.

आणि तुमचा? चौथ्या पंपघरात चाळीस दिवस चाचणी. अडतीस दिवस कुरकुर नाही — मान्य, मी कुठं नाही म्हणतोय? शेवटच्या दोन दिवसांत दोनदा थांबला. का थांबला? यंत्र आहे, थांबतं. टाकीतल्या पाण्याची पातळी सांगणारी ती बारीक तार आहे ना, निसटते. जरा ओढली की निसटते — असं बघू नका, मी आपलं उदाहरण दिलं. मनात तसलं काही नाही माझ्या. वर्गातलं ते तर मी केव्हाच विसरलो. फळ्यापाशी उभं केलंत आणि म्हणालात, ह्याच्या हाती तार म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. बावन्न पोरं हसली. बुधवार होता. माझा मेहुणा त्याच वर्गातला, अजून घरात चारचौघांत माकड म्हणतो मला, बायकोही हसते. एकतीस वर्षं, सर! पण विसरलो मी. दोनदाच ओढली. तिसऱ्यांदाही ओढता आली असती.

हे काय, कागद? द्या इकडे. 'पंपघराचे दार उघडले, कार्ड क्रमांक एक. पातळीची तार सुटली. पंप सुरक्षित थांबवला. दार बंद.' हे — हे डब्यानं स्वतःच टिपून ठेवलंय? वेळेसकट? क्रमांक एक म्हणजे — हे माझ्या गळ्यातलं. वा! त्या दुसऱ्याला नाही हो जमायचं हे. म्हणजे सगळं ठाऊक असून मघापासून ऐकत बसलात. आमचे पेपर तपासतानाही असेच गप्प असायचात.

तक्रार करणार? खुशाल करा. येते कुणाकडे, ठाऊक आहे? दाराबाहेरची पाटी वाचा, 'चौकशी अधिकारी', आणि वर नाव माझंच. कुंपणानंच शेत खाल्लं तर — बरोबर, तुमच्याच तोंडची म्हण. थांबा, चौकशी आत्ताच उरकतो, ह्या वयात हेलपाटे नकोत तुम्हाला. हा शेरा, ही सही, हा शिक्का. घ्या तुमचा कागद. चष्मा नाही? मी वाचतो. एकच शब्द लिहिलाय, सर — 'बनावट'. त्याच्या आधी 'देशी' तुम्ही घालून घ्या.

निघा आता. आणि जाताना दार ओढून घ्या.