मेकॅनिक गेला की गळणारं मशीन

तुम्हाला सांगतो, आमचं भांडी धुवायचं मशीन माणूस ओळखायचं. मेकॅनिकसमोर एक थेंब गळायचा नाही, आणि तो चौसाळ्याला घरी पोचला की इकडं बीडात ठिबकायला सुरुवात.

पहिल्यांदा त्यानं दाराचं रबर बदललं. मग मागच्या सांडपाण्याच्या नळीची क्लिप आवळली. दुसऱ्या दिवशी क्लिप पुन्हा ढिली. तिसऱ्या खेपेला तो वैतागला.

"सर, क्लिप आपोआप ढिली व्हत न्हाई. घरात कोण हात लावतंय?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं.

तेवढ्यात आई आतून आली. "मीच करते, चमच्याच्या दांड्यानं. टँकर आठ दिवसाला येतोय, अन् हे मशीन एवढं पाणी गुमान गटारीत सोडतंय. खाली पातेलं ठेवलं की संडासात टाकायपुरतं व्हतंय."

मला वाटलं, आता हा चिडणार. पण त्याच्याही गावाला टँकरच होता. तो खाली बसला, स्क्रू ड्रायव्हर काढला आणि म्हणाला, "आजी, क्लिप अजून दोन आटे ढिली करून देतो. पातेलं काढा, बादली लावा."