बंद डोंगर आन् आक्काच्या शेळ्या

माझं नाव कारभारी. नावाचाच कारभारी, कारभार कधी कशाचा केला नाय. बापाची जमीन डोंगराच्या पायथ्याला, मुरमाड, बाजरी आली तर आली, नायतर नुसतं कुसळ. गाव आमचं चांदवड तालुक्यात, डोंगराला टेकून, आन् तो डोंगर तव्हा असा बोडका की उन्हाळ्यात बघवत नव्हता. मी तीन वर्सांचा असंल, आई गेली. मला आईचं तोंड आठवत नाय बघा, खोटं कशाला बोलू. आठवतं ते आक्काचं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, हिरा, माझ्यापरीस सहा वर्सांनी मोठी, म्हणजे तीबी पोरच की, पण तिनंच मला कडंवर वागवलं, तिनंच न्हाऊ घातलं, मला बरेच दिवस वाटायचं हीच आपली आई.

बहात्तरचा दुष्काळ पडला तव्हा बाप खडी फोडायला जायचा, आन् आक्का त्याच्यासंगं. तिथं कामावरच्या पोरांना सुकडी मिळायची, भुकटी असती ना गोड, तशी, बाहेरच्या देशातून धान्य येतं त्याची करतात असं म्हणायचे. आक्का तिच्या वाटणीची पदराला बांधून घरी आणायची आन् मला द्यायची, म्हणायची, मला नाय आवडत, लय गोडमिट्ट लागती. काय सांगू तुम्हाला, मी मोठा झालो, बाप्या झालो, तव्हा कळलं की आक्काला गोड म्हणजे जीव की प्राण.

तिचं लगीन मनमाडला लावून दिलं. नवरा मालधक्क्यावर हमाल, माणूस चांगला, पण तापानं गेला, मूलबाळ काय झालं नव्हतं, मंग सासरच्यांनी चार महिने ठिवली आन् मंग रस्ता दाखवला. आली परत. दोन शेळ्या घेऊन आली संगं, तेवढाच तिचा संसार. माझी बायको म्हणली, वन्सं, इथंच ऱ्हावा. पण आक्का कुणाच्या उंबऱ्यात पडून ऱ्हाणारी नव्हती, तिनं डोंगराच्या कडंला छप्पर टाकलं. दोनाच्या चार झाल्या, चाराच्या अकरा झाल्या. सकाळी चहाला दूध आमच्याकडं तिचंच यायचं. जमीन नाय, मूल नाय, पण डोंगर व्हता ना, डोंगर समद्यांचा व्हता.

आता डोंगराचं सांगतो, म्हणजे तुम्हाला कळंल. पाण्याचे लय हाल. संक्रांत झाली का विहिरी खडखडीत, मंग टँकर, टँकरवर भांडणं, बायांच्या डोक्यावर टेंगळं यायची हंड्यांनी. अशात नाशिकवरनं एक साहेब आले. परदेशातली संस्था हाय म्हणे, तिकडची माणसं आपल्या खिशातलं देतात, दुसऱ्याच्या गावात पाणी थांबावं, माणसानं पोटभर खावं म्हणून. आम्हाला पटंना, कोण कुणासाठी देतं. पण साहेब माणूस खरा, आमच्यात बसून भाकरी खायचा. त्यानं समजावलं, डोंगरावर आडवे चर खणायचे, झाडं लावायची, पाणी पळतंय ते चालाय लावायचं, चालतंय ते जिरवायचं. पण अट व्हती. गावानं श्रमदान करायचं, कुऱ्हाड बंद आन् चराई बंद. डोंगरावर जनावर घालायचं नाय.

ग्रामसभेत हात वर करा म्हणले. मी केला. आक्का बायांमधी बसली व्हती, तिनं माझ्याकडं बघितलं आन् तिनंबी केला. मी केला म्हणून केला तिनं, मला म्हाईत हाय. आन् श्रमदानाला तर ती समद्यांच्या पुढं, टिकाव घेऊन, आपल्या वाटणीचा चर खणला आन् आजारी म्हातारीच्या वाटणीचाबी खणला. स्वतःच्या हातानं खणला तिनं तो डोंगर, जो तिला बंद व्हणार व्हता.

मंग राखणदार पाहिजे म्हणून मला नेमलं. खाकी सदरा दिला, शिट्टी दिली. मला लय अभिमान, बरं का. दोन पावसाळ्यांत गवत गुडघ्याला लागलं, सीताफळ, करंज, शिवण उभी ऱ्हायली, आन् खालच्या विहिरींना पाणी आलं. ज्यांची जमीन खाली त्यांचा कांदा वाढला, दोघांनी तर द्राक्षं लावली निफाडसारखी. टँकर बंद झाला. हे काय खोटं नाय, हे झालं, मी डोळ्यांनी बघितलं, त्या पैशानं आमच्या गावात पाणी आलं.

पण आक्काला खाली जमीन कुठं व्हती. तिला सांगितलं, शेळ्या बांधून पाळा, गवत कापून न्या. आता गवत खाती गाय, म्हैस. शेळीला पाहिजे पाला, आन् पाला तोडायला बंदी. साहेबाला म्हणलं मी एकदा. तो म्हणला, कारभारी, शेळी म्हणजे झाडाचा काळ हाय, थोडी कळ काढा, काहीतरी करू. करणार व्हता तो, मनात व्हतं त्याच्या, पण ऱ्हाऊन गेलं.

मंग काय, मी आंधळा झालो. डोंगराच्या मागल्या अंगाला घळ हाय, तिथं आक्का शेळ्या न्यायची, मी तिकडं जायचोच नाय. ती मला सांगायची नाय, मी तिला इचारायचो नाय. वर्सभर चाललं असं.

त्या उन्हाळ्यात खबर आली, परदेशातनं पाव्हणे येणार, काम बघणार, आवडलं तर पुढच्या गावांनाबी पैसा. गाव झाडून काढलं, मांडव घातला. सरपंच आप्पा मला समद्यांच्या देखत म्हणला, कारभारी, दुसऱ्याची शेळी दिसली का शिट्टी वाजती, आन् बहिणीची दिसत नाय का तुला? लोक हसले. ते हसणं मला इथं लागलं, इथं. मी तसाच उठलो, घळीत गेलो. आक्का नव्हती तिथं, पाणी प्यायला खाली गेल्ती. मी अकराच्या अकरा शेळ्या हाकल्या आन् पंचायतीच्या कोंडवाड्यात घातल्या. भर दुपार. कोंडवाड्याला सावली नाय, पाणी मी आणून ठिवायला पाहिजे व्हतं, मांडवाच्या गडबडीत ऱ्हायलं. त्यात एक गाभण व्हती, कपाळावर पांढरा टिळा असलेली. ती गेली. पोटातल्या दोघांसकट गेली.

आक्का आली. मला वाटलं शिव्या देईल, मी तयारच व्हतो, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती त्या शेळीजवळ बसली, तिचे कान सारखे केले, आन् एवढंच म्हणली, कारभारी, एक हाक मारायची व्हती रं मला. मीच हाकलून आणल्या असत्या.

दोन दिवसांनी पाव्हणे आले. एक बाई व्हती, पांढऱ्या केसांची, गोरी, आपल्या आजीच्या वयाची. खुर्ची ठिवली व्हती, तर ती सतरंजीवर बसली आमच्यात. डोंगर चढून बघितला तिनं, दमली पण बघितला. आन् मंग तिनं एक इचारलं, साहेबासंगं आलेल्या नाशिकच्या पोरीनं ते मराठीत करून सांगितलं, की बाई विचारतायत, डोंगर बंद केल्यानं गावात कुणाचं काही गेलं का, कुणाला त्रास झाला का, मोकळेपणानं सांगा, आम्हाला त्यातनं शिकायचंय. आप्पा माझ्याकडं बघतोय. साहेब म्हणला, राखणदारच सांगतील. मी उठलो. आक्का आरतीचं ताट घेऊन बायांच्या रांगेत, माझ्यापासनं चार हातांवर. मला वाटलं, मी एक शब्द बोललो आन् त्या गोऱ्या बाईनं पैसा थांबवला तर पुढच्या गावांचं पाणी माझ्यामुळं जाईल, आन् माझं कामबी जाईल, तेबी वाटलं, लपवू कशाला. मी म्हणलो, नाय बाई, कुणाचंच काय गेलं नाय, समद्यांचं भलं झालं. त्या पोरीनं ते इंग्रजीत सांगितलं, बाईनं वहीत लिहून घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आक्कानं पुढं होऊन त्या बाईला कुंकू लावलं.

पुढच्या बाजाराला ती दहाही शेळ्या घेऊन गेली, रिकामी परत आली. आन् एका मुकादमाबरूबर निफाडकडं निघून गेली, द्राक्षाच्या बागेत कामाला. मला सांगितलं नाय. मी गेलो तर छपराच्या दाराला बाभळीची काटी लावलेली.

भाऊबीजेला ती आली नाय, म्हणून मी गेलो. पत्र्याच्या खोलीत ऱ्हात व्हती पाच बायांमधी. तिनं ओवाळलं मला, निरांजन नव्हतं तर डब्याच्या झाकणात वात लावली. मी म्हणणार व्हतो, आक्का, चुकलो. घरनं निघालो तेच म्हणायला. पण तीच बोलत बसली, इथं छाटणी झाली ना कारभारी, का पाल्याचे ढीग पडतात बघ, हे एवढे, पण मालक शेळी ठिऊ देत नाय, आन् फवारलेला असतो तो, जनावराला चालत नाय. आन् हसली. मी चहा पिऊन परत आलो. दर वर्सी जायचो, दर वर्सी ठरवायचो, आन् दर वर्सी चहा पिऊन परत यायचो. दहा वर्सं म्हणजे दहा चहा झाले, बघा.

मंग आक्काला नाशिकच्या सरकारी दवाखान्यात ठिवलं. पोटात गाठ निघाली, उशीर झाला व्हता. मी उशापाशी बसलेलो. ती मला म्हणली, ती गोरी बाई परत आली व्हती का रं? मी म्हणलो, नाय. ती म्हणली, आली तर सांग, लय चांगली व्हती. तिनं इचारलं तरी.

एवढंच. दुसऱ्या दिवशी गेली.

ती बाई काय परत आली नाय. तिकडचा पैसाबी थांबला, त्यांच्याकडंच अडचणी हायत म्हणे आता. साहेबाची बदली झाली, कुठं असतो म्हाईत नाय. डोंगर हाय, मोर येतात, माणूस बघत ऱ्हाईल असा हिरवा हाय. पण खाली लोकांनी बोअरवर बोअर घेतले, आन् दोन उन्हाळे झाले टँकर परत यायला लागलाय. माझा पगार कधीच बंद झाला. मी जातो रोज, पाय जातात.

गेल्या साली ग्रामसभेत मी उठलो. म्हणलो, मला एक सांगायचंय, डोंगर बंद केला तव्हा नुकसान झालं व्हतं. माझ्या बहिणीचं झालं, आन् मी पाव्हण्यांपुढं खोटं बोललो. जुनी माणसं खाली बघत व्हती, तरणी मोबाईलमधी. आप्पाचा पोरगा सरपंच हाय आता, तो म्हणला, बाबा, आता काय त्याचं. मी म्हणलो, त्याचं काय नाय, झाडं आता शेळीच्या तोंडाच्या वर गेलीत, मागली घळ तेवढी बिनजमिनीच्या बायांना मोकळी करा, पावसाळा सोडून. लय वाद झाला, तीन सभा झाल्या, आन् केली मोकळी.

आता तीन बाया जातात तिथं शेळ्या घेऊन. त्यातली एक सकीना, नवरा वारलेला, दोन लेकरं, आमच्या गावात नवीनच आली ती. परवा भेटली वाटंत, म्हणली, भाऊ, तुम्हाला दुवा लागंल. मी म्हणलो, मला नको गं माय, द्यायची तर हिराबाईला दे. तर ती म्हणली, कोण हिराबाई?

मंग बसलो दगडावर आन् तिला समदं सांगितलं, आता तुम्हाला सांगितलं तसंच. तिच्या शेळ्या पार वर गेल्या तरी ती उठली नाय.

बसा, सून भाकरी टाकती, खाऊन जावा. सुखी ऱ्हावा तुम्ही, तुमची लेकरंबाळं सुखी ऱ्हावोत. माझं नाव नाय लिहिलं तरी चालंल, हिराबाईचं लिहा.