सांताक्लॉजची बटणे कोणी पुसली

जबाब देणारी: वय ३४, धंदा शिवणकाम, डिसेंबरपुरती खेळण्यांच्या दुकानात भेटवस्तू बांधून देण्याचे काम. राहणार बाजारामागची गल्ली, दुसरा मजला, थोरल्या बहिणीकडे.

आज २३ डिसेंबर रोजी सकाळी साडेअकरा वाजता, कोणी न बोलावता, मी आपल्या पायांनी ठाण्यात आले आणि सांगते की,

दुकानाच्या दर्शनी काचेवर नाताळचे चित्र काढायला मालकांनी एक तारखेपासून एक चित्रकार ठेवला आहे. आपली चित्रे कोणी घेत नाही, हे त्यानेच मला पहिल्या दिवशी हसत सांगितले. काचेवरचे चित्र पुरे झाले की त्याचे काम संपणार, असे ठरले होते. माझे टेबल काचेला लागून आहे आणि तो आतल्या बाजूने रंगवतो, त्यामुळे दिवसभर आमच्यात हातभर अंतर असते. तो बोलतो फार. बडबड्या माणसांचा मला कंटाळा येतो. याचा आला नाही.

आठ तारखेला चित्र पुरे होत आले. संध्याकाळी दुकान आवरताना मी ओल्या फडक्याने सांताक्लॉजचे एक बटण पुसले. एका बटणाने असे काय बिघडणार, असे वाटले. दुसऱ्या दिवशी चित्रकाराने कपाळावर हात मारला. म्हणाला, "अहो, आतून रंगवताना बटण आधी, कोट नंतर. आता ठिगळ दिसेल. अख्खा कोट उतरवावा लागणार!" कोटाला दोन दिवस लागले. त्यानंतर मी मुद्दाम बटणेच पुसली.

बहिणीला कळल्यावर ती म्हणाली, "अगं, तोंडाने सांग की त्याला! फडकं कशाला?" मी विषय बदलला.

चित्र पुन्हा पुन्हा पुसले जाते म्हणून मालकांना समोरच्या दुकानदाराचा संशय होता. आज सकाळी दुकानाच्या पहारेकरी मामांनी चित्रकारालाच काच पुसताना पकडले. सातही वेळा आपणच पुसले, असे त्याने इथे लिहून दिल्याचे समजले. मालक त्याला कामावरून काढणार आहेत आणि गुन्हा नोंदवा म्हणतात.

हे खोटे आहे. आठ, अकरा, चौदा आणि अठरा तारखेची चार बटणे माझी आहेत. हरणाचे शिंग, घंटा आणि आजचा तारा यांना मी हात लावलेला नाही. शिंग ओल धरून गेले असेल, अशी माझी समजूत होती. मालकांनी मला काढावे, त्याला ठेवावे.

साहेबांनी विचारले, स्वतःचे चित्र तो का पुसेल? मी म्हणाले, माझ्याच कारणासाठी पुसले असेल तर बरे. कारण विचारल्यावरून सांगते की मला तो आवडतो. हे त्याला अजून सांगितलेले नाही. हे लिहू नका म्हटले, तरी लिहिले.

जबाब हवालदारांनी वाचून दाखवला. इतक्या मोठ्याने वाचायची गरज नव्हती. चित्रकार बाहेरच्या बाकावरच बसला होता. तो दारात येऊन म्हणाला, "साहेब, शेवटचं जरा परत वाचता का?" हवालदारांनी परत वाचले. मजकूर दोन्ही वेळा ऐकला, दोन्ही वेळा बरोबर आहे. म्हणून सही केली.