रांगोळीत नसलेला चौक

तुम्हाला खोटं वाटंल, पण आमच्या जालन्यातल्या गल्लीचा नळ रांगोळीनं हलवला. निजामाचं राज्य होतं. वाचनालयात आम्हा सुनांचा वर्ग भरायचा. एक दिवस मास्तरीणबाईंनी आम्हाला वाचनालयाच्या दारात आपली गल्ली रांगोळीत काढायला लावली. चौकात नळ बसवायला आलेले बलदियाचे, म्हंजी नगरपालिकेचे, साहेब ती बघत थांबले.

"गल्ली बराबर है, मगर चौक किधर है?"

मी म्हणलं, "साहेब, चौकात पारावर आमचे सासरे बसतेत. त्यांच्यापुढून सुना जात न्हाईत."

मंग नळ मागच्या बोळात बसला.

आठ दिवसांत तिथं गारवा झाला, अन् सगळे सासरे उठून नळापाशीच येऊन बसले.

आम्ही पुन्हा गल्ली काढली. या वेळी बोळ सोडून.