अंजनगावचा शेवटचा फोटो

कंटाळा आला म्हणून कॅमेरा विकायला काढणारा तू काही पहिला नाहीस, बाबा. एकोणीसशे साठच्या आसपास मीही काढला होता. अमरावतीतली सगळी झाडं आणि सगळे ढग टिपून झाले होते, अन् ते फोटो बायकोसुद्धा बघत नव्हती. गिऱ्हाईक मिळालं अंजनगावात. म्हटलं, रोलमध्ये एकच फोटो उरलाय, तेवढा इथंच काढावा आणि कॅमेरा देऊन मोकळं व्हावं.

गिऱ्हाइकाची म्हातारी आई ओट्यावर होती. फोटो म्हटल्यावर ती लगेच धुतलेलं लुगडं नेसून आली, खुर्चीत ताठ बसली आणि तिनं डोळे घट्ट मिटले.

"आजी, डोळे उघडा."

"काहून? आमच्या घरात दोन फोटो हायेत, सासऱ्याचा अन् मालकाचा. दोघाइचेबी डोये मिटेलच हायेत."

मी आत भिंतीकडे पाहिलं. दोघांनाही गेल्यावर खुर्चीत बसवून फोटो काढलेला. तेव्हा फोटोवाल्याला बोलावणं जायचं तेच मुळी माणूस गेल्यावर.

"आजी, ते गेल्यावरचे फोटो आहेत. तुम्ही तर चांगल्या जित्या आहात!"

म्हातारीनं डोळे उघडले. माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि गल्लीकडे वळून ओरडली, "अवो बायाहो, या वो! जित्या मानसाचाबी फोटो निंगते!"

बघता बघता ओट्यावर सात जणी येऊन बसल्या. सातही जणींचे डोळे टक्क उघडे, आणि माझ्याजवळ फोटो एक.

गिऱ्हाइकाला म्हटलं, "भाऊ, कॅमेरा काही मिळत नाही आता. रोल कुठं मिळते, ते सांगा."